सोनगीर टाकलं

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून खानदेशात धावणाऱ्या ट्रकवर फोन लागतो तेव्हा प्रश्न एकच असतो, "कुठं पोचला?" उत्तरात किलोमीटर कधी येत नाहीत. "सोनगीर टाकलं." "लळिंग उतरतोय." "चिमण्या दिसायला लागल्या." पलीकडच्याला तेवढं पुरतं. सोनगीर टाकलं म्हणजे आग्र्याच्या दिशेनं निघालेली गाडी धुळ्यापासून वीसेक किलोमीटर पुढं गेली. आता नरडाणा, मग सावळद्याचा तापीवरचा पूल, मग शिरपूर. चिमण्या दिसल्या म्हणजे नागपूरकडं चाललेल्या गाडीनं जळगाव मागं टाकलं, भुसावळ आलं, दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र पुढ्यात.

या बोलण्यातली क्रियापदं ऐकण्यासारखी असतात. गाव मागं गेलं की ते 'टाकलं'. पुढं असेल तर 'लागायचंय'. फाटा 'धरायचा', चौफुली 'सोडायची'. घाट 'चढला' असं मात्र फारसं कुणी कळवत नाही. 'उतरला' असं कळवतात. भरल्या गाडीला चढ म्हणजे वेळ आणि डिझेल, एवढंच. जिवाचं काम उतारावर असतं. फोनवरच्या माणसाला ती बातमी हवी असते.

खानदेश म्हणजे एक मोठी परात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, आणि मधून पश्चिमेकडं वाहत जाणारी तापी. पूर्वेला, मुक्ताईनगर-मलकापूरच्या अंगाला, परातीची कड तुटलेली आहे. तिथून वऱ्हाडात सपाट जाता येतं. बाकी कुठूनही या परातीत यायचं तर कड ओलांडावी लागते. खिंडीला इथं 'बारी' म्हणतात: कोंडाईबारी, धुळ्याजवळची नगावबारी. त्यामुळं ड्रायव्हरच्या डोक्यातला खानदेशाचा नकाशा कडेनं आत येतो. नाशिक-मालेगावकडून लळिंग, इंदूरकडून बिजासन, सुरतेकडून कोंडाईबारी, संभाजीनगरकडून कन्नडचा घाट. चारही वाटा तळाशी धुळ्याला मिळतात.

धुळ्यात पूर्वी तीन नंबर एकत्र यायचे. मुंबई-आग्रा ३, सुरत-नागपूर-कोलकाता ६, सोलापूरचा २११. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आता धुळ्याहून नाशिक-पुण्याकडं ६०, इंदूरकडं ५२, सोलापूरकडंही ५२, सुरत आणि नागपूरकडं ५३. पाट्या बदलून झाल्या, जीभ बदलली नाही. 'आग्रा रोड'च म्हणतात, भले त्या गाडीचा माल सीमेपलीकडच्या सेंधव्यालाच उतरणार असो. नव्या नंबरांची एक अडचण खरीच आहे. ५२ म्हटल्यावर इंदूर की सोलापूर हे कळत नाही. '३ नंबर' आणि '२११' म्हटलं की शंका उरत नव्हती.

खूण कशाला म्हणायचं याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण ते कडक आहेत. पहिला नियम असा की खूण ठिकाणाच्या आधी हवी. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर सरकते. ड्रायव्हरनं फाटा पाहिला, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद उडाला आणि गाडी तिच्या स्वतःच्या लांबीच्या दीडपट पुढं गेली. त्यानंतर भरली दहा चाकी कोरड्या रस्त्यावरही चांगली लांब जाऊन थांबते, ओल्या रस्त्यावर त्याहून लांब. मागं दुसरी गाडी चिकटलेली असली तर तेही नाही. म्हणून 'फाट्यावर देऊळ आहे' ही माहिती निरुपयोगी. 'देवळाच्या अलीकडं मोरी लागते, मोरी गेली की इंडिकेटर टाक' ही कामाची. जाणता माणूस वाट सांगतो तेव्हा ठिकाणाचं वर्णन क्वचितच करतो. ठिकाणाच्या तीनचारशे मीटर आधीचं करतो.

दुसरा नियम, खूण रात्री दिसली पाहिजे. सगळ्या लांबच्या गाड्या रात्रीच जास्त धावतात. खानदेशात उन्हाळ्यात तर धावाव्याच लागतात. दिवसा डोळ्यात भरणारा डोंगर रात्री नसतोच. रात्रीच्या खुणा वेगळ्या: पुलाचा कठडा, टाकीवरचा दिवा, रस्त्याची लवण जिथं हेडलाइट एकदम आभाळात जातो नाहीतर डांबरात घुसतो, टायरखालचा आवाज बदलतो ती जागा. काँक्रीट संपून डांबर लागलं की गाडीचा सूरच बदलतो, केबिनमध्ये झोपलेल्या क्लीनरलाही कळतं.

तिसरा नियम, खूण विकाऊ नको. हॉटेलाचं नाव, पंपाची कंपनी, होर्डिंग, यांवर कुणी भरवसा ठेवत नाही. आज निळा रंग, उद्या हिरवा. त्यापेक्षा वळणावरचा खडक बरा.

किलोमीटरचा दगड खूण म्हणून वापरत नाहीत, पण त्याचा एक उपयोग आहे आणि तो नव्या पोरांना माहीत नसतो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्यमार्गाचं हिरवं, ग्रामसडकेचं नारिंगी. रात्री डायव्हर्शनमधून बाहेर पडताना चुकून भलता रस्ता धरला गेला तर पाटीची वाट पाहायला नको. पिवळ्याचं हिरवं झालं की समजायचं, महामार्ग सुटला. मग पुढच्या गावात मोकळी जागा असेल तिथंच गाडी वळवायची. अरुंद रस्त्यावर ट्रेलर रिव्हर्स घेण्याच्या भानगडीत पडलेले लोक सकाळपर्यंत तिथंच सापडतात.

लळिंगपासून सुरुवात करू. मालेगावकडून येताना झोडगं जातं, पुरमेपाडा जातं आणि डोंगरावर किल्ला दिसायला लागतो. धुळं दहाएक किलोमीटरवर आलं. उतार फार मोठा नाही, म्हणूनच माणूस फसतो. नाशिकपासून चारपदरी रस्त्यावर टॉपमध्ये आलेला पाय गिअर उतरवायला कंटाळतो. जवळच टोलनाका आहे, तेव्हा पुढं रांग असणारच असं धरूनच उतरायचं. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा त्यांचा तिथं मुक्काम झाला होता. दरवर्षी ३१ जुलैला तिथं माणसांची रीघ लागते. त्या दिवशी लळिंगला वेग कमी ठेवायचा आणि हॉर्नपेक्षा ब्रेकवर भिस्त ठेवायची, हे या रोडवर जुन्या लोकांना सांगावं लागत नाही.

बिजासन ही वेगळी गोष्ट. सेंधव्याकडून येणारी गाडी सातपुडा उतरून महाराष्ट्रात येते, पळासनेर लागतं, हाडाखेड लागतं, मग सांगवी, दहिवद, शिरपूर. ४ जुलै २०२३ ला पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाटेतल्या गाड्यांना धडकत रस्त्याकडच्या हॉटेलात घुसला आणि अनेक माणसं गेली. तेव्हापासून 'पळासनेर' हा शब्द केबिनमध्ये वेगळ्या आवाजात उच्चारला जातो. रस्ते खात्याच्या व्याख्येत ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले किंवा दहा जीव गेले तर तो 'ब्लॅक स्पॉट'. ड्रायव्हरच्या व्याख्येला एक पुरतो.

अशा उतारावर करायचं काय, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि निम्मे जण करत नाहीत. ज्या गिअरमध्ये ही गाडी हाच माल घेऊन हा घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरायची. तो गिअर उताराच्या माथ्यावर पडला पाहिजे. मध्यावर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडतच नाही, आणि पाडायच्या नादात गाडी न्यूट्रलला अडकते. इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो गिअर आणि क्लच लागलेला असतानाच काम करतो. पायाचा ब्रेक दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. पेडलवर पाय टेकवून बसलं की लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणारं ब्रेकचं अस्तर, तापत राहतं, तापल्यावर ड्रम फैलावतो, लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि गाडी धरत नाही. शिवाय पुन्हा पुन्हा पेडल मारून ब्रेक चालवणारी टाकीतली हवा संपते. काटा लाल पट्ट्यात गेला की बझर वाजतो, आणि तो वाजेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आणि न्यूट्रल. डिझेल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांची जात संपता संपत नाही. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे वाचत तर काही नाही, वर इंजिनाची पकड जाते आणि आयडलवरच्या कॉम्प्रेसरनं हवाही हळू भरते. जुन्या पंपाच्या गाड्यांच्या काळातली ही काटकसर आता कुठून आणि कशासाठी चालू आहे, देव जाणे.

बिजासनला देवीपुढं नारळ फोडायला गाडी थांबते. श्रद्धा आहेच, पण त्या दहा-पंधरा मिनिटांत ड्रमला वारा लागतो, क्लीनर चाकांवरून फेरी मारतो आणि जळक्या लायनरचा वास कुठल्या चाकाला आहे ते कळतं. एकाच चाकाला वास असेल तर अॅडजस्टर आवळलेला आहे, चारींना असेल तर दोष ड्रायव्हरच्या पायाचा. हात ड्रमला लावायचा नाही, जवळ नेऊन आच घ्यायची. तापल्या ड्रमवर पाणी तर अजिबात मारायचं नाही. ड्रमचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एकदम थंड झालं की तडकतं. चाकाखाली टेकण ठेवायचं ते लाकडी गुटक्याचं. दगड लावला तर निघताना तो काढून कडेला टाकायचाच. रस्त्यात तसाच सोडलेला दगड मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला रात्री दिसत नाही. आळसापायी घडणाऱ्या गोष्टींत यापेक्षा हलकट गोष्ट या धंद्यात नसेल.

कोंडाईबारी दहिवेल आणि विसरवाडीच्या मध्ये. साक्रीकडून निघाल्यावर आसपासच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात, दहिवेल जातं, साग दाट होतो आणि रस्ता नवापूरच्या बाजूला खाली सुटतो. या घाटात पावसाळ्यातलं धुकं वाईट आणि टँकर त्याहून वाईट. हजिरा-अंकलेश्वरकडून येणारा टँकर पूर्ण भरलेला असेल तर नीट चालतो, रिकामा असेल तर प्रश्नच नाही. अर्धा भरलेला सांभाळावा लागतो. वळणावर आतला पातळ माल एका कुशीवर जातो आणि वळण संपल्यावरही ढकलत राहतो. म्हणून अशा टँकरच्या मागं वळणावर अंतर ठेवायचं आणि ओव्हरटेकचा विचार सरळ पट्टा लागेपर्यंत मनात आणायचा नाही.

कन्नडचा घाट आता अवजड गाड्यांच्या बोलण्यातून उठत चालला आहे. कागदोपत्री तो औट्रम घाट. जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा अधिकारी एकोणिसाव्या शतकात खानदेशात होता, त्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभारली. साहेबाचं नाव घाटाला चिकटलं, चाळीसगावकर मात्र 'कन्नड घाट'च म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात इथं दरडी कोसळल्या आणि गाड्या अडकून पडल्या. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं अवजड वाहनांना घाट बंद झाला, आणि सोलापूरकडच्या मोठ्या गाड्या नांदगावच्या बाजूनं फिरायला लागल्या. पंधरा-वीस वर्षं जपलेल्या खुणा, कुठल्या वळणावर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, कुठं डोंगराचं पाणी रस्त्यावर येतं, सगळ्या एका आदेशानं बिनकामाच्या. नव्या वाटेवर तेच जुने ड्रायव्हर नवशिके झाले. नांदगावच्या रस्त्यावर पहिल्या फेऱ्यांना जिथं तिथं थांबून विचारत जाणाऱ्यांत पांढऱ्या मिशांचे पुष्कळ होते म्हणतात, त्यात खोटं काही वाटत नाही.

सपाटीवरचा ५३ नंबर हा वेगळाच प्रकार. धुळ्याहून फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरीचा गिरणेवरचा पूल, जळगाव, नशिराबाद, साकेगावचा वाघूरवरचा पूल, भुसावळ, दीपनगर, वरणगाव, मुक्ताईनगर. घाट नाही, पण खुणांची भूक इथंच जास्त, कारण सगळं सारखं. कापूस, केळी, कापूस, जिनिंग, फाटा, परत कापूस.

इथं जळगावहून पश्चिमेकडं निघालेल्या भरल्या गाडीची पहिली खूण एरंडोल. साधारण तीस किलोमीटर. का, तर माल बसतो. ताडपत्री ओढून रस्सा कितीही आवळला तरी पहिल्या वीस-तीस किलोमीटरच्या हादऱ्यात माल खाली दबतो आणि रस्सा ढिला पडतो. कापसाची गाठ १७० किलोची, १०० गाठींचा लॉट, म्हणजे १७ टन. २०१८ पासून दहा चाकीला एकूण २८.५ टनांची मुभा झाली, त्यात हे वजन बसतं. पण गाठींची उंची चढते आणि वरची रांग सरकली की गाडी वळणावर कलते. एरंडोलला उतरून रस्सा परत खेचला, गाठी हातानं ढकलून पाहिल्या, ताडपत्रीचं मागचं टोक बांधलं की पुढं सुरतेपर्यंत झोप लागते; ज्याची झोपायची पाळी आहे त्याला, अर्थात. ताडपत्रीचं टोक फडफडत राहिलं तर दोनशे किलोमीटरमध्ये फाटतं आणि पावसाच्या सरीत भिजलेली गाठ व्यापारी घेत नाही, भाड्यातून कापतो.

केळीची गाडी मात्र खुणा अंतरानं मोजत नाही, घड्याळानं मोजते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गाडीतल्या घडांना त्याचं काही नसतं. ते श्वास घेत असतात आणि तापत असतात. रावेर-सावद्याहून हिरवा माल पानांच्या थरात रचून उत्तरेला निघतो. दुपारी ४५ अंशांच्या उन्हात गाडी चार तास उभी राहिली तर वरचे घड हिरवे दिसतात आणि मधले आतल्या आत पिकायला लागतात. उघडल्यावर कळतं. म्हणून केळीवाला बऱ्हाणपूर, इंदूर ही नावं वेळेसकट बोलतो, 'बऱ्हाणपूर अंधारात टाकायचं'. थांबायचं झालं तर सावलीत, तोंड वाऱ्याकडं करून.

सावली म्हटली की झाडांचं बोलावं लागतं. जुन्या ६ नंबरला दोन्ही अंगांना लिंब, चिंचा, वड. बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, त्यावर नंबर. ते पट्टे शोभेचे नव्हते. रात्री समोरच्या गाडीच्या प्रकाशानं डोळे दिपले की डांबराची कड दिसत नाही. तेव्हा डाव्या हाताला एकामागून एक उजळत जाणारे चुन्याचे पट्टे रस्ता कुठं वळतोय ते सांगायचे. चौपदरीकरणात, तरसोद ते फागणे हा सुमारे ८७ किलोमीटरचा पट्टा असो की पलीकडचा चिखली ते तरसोद, झाडं गेली. रस्ता सरळ झाला, मधे दुभाजक आला, समोरून डोळ्यांत येणारा प्रकाश कमी झाला. हिशेब मांडला तर जीव वाचलेच असतील. पण मे महिन्यात दुपारी एक वाजता स्टेपनी बदलणाऱ्याला हा हिशेब सांगू नये.

दुभाजकानं आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक खुणेचे दोन तुकडे केले. आधी ढाबा डाव्या हाताला असो की उजव्या, तो येता-जाता लागायचा. आता उजव्या हाताचा ढाबा दिसतो पण नसतो. तिथं पोचायला पुढचा कट गाठून परत यावं लागतं, आणि भरली गाडी कटवर आडवी घालणं म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या आणि एखाद्या बसला आमंत्रण. त्यामुळं आता 'जातानाच्या खुणा' आणि 'येतानाच्या खुणा' अशी दोन वेगळी पाठांतरं झाली आहेत. एकाच गावची दोन नावं ऐकू येतात: जाताना 'पुलाचं पारोळा', येताना 'पंपाचं पारोळा' असलं काहीतरी. बायपासनं तर गावंच खुणांतून काढून टाकली. पारोळ्याचा किल्ला गावात आहे; बायपासनं जाणाऱ्या नव्या ड्रायव्हरला पारोळ्यात किल्ला आहे हे ठाऊक असायचं कारण नाही.

ढाब्याची पारख जेवणावरून करणारे कारवाले. ट्रकवाला आधी अंगण पाहतो. दहा चाकी एका वळणात आत येऊन एका वळणात बाहेर पडेल का, जमीन पावसात धसते का, रात्रभर दिवा आणि जागा माणूस असतो का, टाकीचं कुलूप आणि ताडपत्री सकाळी जागेवर असेल का. मग पाणी, आंघोळीला पुरेल एवढं. मग जेवण. त्यातही शेवभाजीवर लवकर निकाल लागतो. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळता तयार ठेवून जाड तिखट शेव ताटात वाढायच्या वेळी टाकतात तो ढाबा चांगला. आधीच टाकून ठेवलेली शेव फुगून पिठलं होते आणि झणका लपवायला वरून तेल सोडतात. रात्री दोन वाजता असलं तेलकट खाऊन गाडीवर बसलेला माणूस नरडाण्यापर्यंत जागा राहिला तर नशीब.

वासाच्या खुणा हा एक स्वतंत्र भाग आहे. नवापूर जवळ आलं हे काच खाली असेल तर नाकाला आधी कळतं, कोंबड्यांचे शेड. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथंच सापडला होता. नंदुरबारच्या आसपास हिवाळ्यात मिरच्यांच्या पथारी पडतात, लालभडक रानं. दिवसा ती दुरून दिसतात. रात्री वारा त्या बाजूनं असला की घसा खवखवतो आणि शिंका सुरू होतात. वळणावर शिंक येणं चेष्टेची गोष्ट नाही. ताशी ६० ला शिंकेत मिटलेले डोळे उघडेपर्यंत पंधरा-वीस मीटर आंधळे जातात. त्या पट्ट्यात काच वर. जिनिंगची खूण बाभळींना लटकलेला कापूस. आणि एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर पडलेल्या टायरच्या साली. रिमोल्ड टायरची वरची पट्टी उन्हात तापून सुटते आणि काळ्या सापासारखी लेनमध्ये पडते. एका पट्ट्यात साली जास्त दिसल्या तर समजायचं, इथलं काँक्रीट तापतं, आपलेही टायर पाहावेत. पाहायचे म्हणजे टामीनं, लोखंडी दांड्यानं, ठोकून. नीट हवा असलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला भद्द. जोडीच्या टायरांमध्ये दगड अडकलाय का पाहायचं. उन्हात वाढलेली हवा काढायची नाही. गार झाल्यावर टायर कमी हवेचा होतो आणि कमी हवेचा टायर कडा मुडपून जास्तच तापतो. हवा सकाळी गार टायरात मोजायची.

काही खुणा घडीभराच्या असतात. रस्त्यावर आडवी टाकलेली पाल्याची फांदी म्हणजे पुढं गाडी बंद पडलीय. त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवायचा नियम आहे, पण तो चोरीला जातो. फांदी कुणी चोरत नाही. फक्त ती गाडीच्या बुडाशी ठेवून उपयोग नाही, निदान पन्नास पावलं मागं हवी, वळण असेल तर वळणाच्या अलीकडं. समोरच्यानं दोनदा डिपर मारला की पुढं काहीतरी आहे. काय आहे ते दिसल्यावर कळतं.

काही खुणा गेलेल्या गोष्टींच्या नावानं चालू आहेत. जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले, तरी 'जुन्या नाक्यापाशी उभा राहतो' म्हटलं की दोघांनाही जागा कळते. नव्या खुणा टोलच्या. सोनगीरचा टोल ओलांडला की फास्टॅगचे पैसे कटल्याचा मेसेज मालकाच्या मोबाइलवर पडतो. म्हणजे "सोनगीर टाकलं" हे मालकाला फोन करण्याआधीच कळलेलं असतं. तरी तो फोन करतो आणि विचारतो. कारण मेसेज गाडी कुठं आहे ते सांगतो. ड्रायव्हर जागा आहे की नाही, ते आवाजावरून कळतं.

झोपेची सगळ्यात भरवशाची कसोटीही खुणाच आहेत. घाटात कुणाला झोप येत नाही. झोप येते सरळ रस्त्यावर, पहाटे तीन ते पाचमध्ये, सोनगीर आणि शिरपूरच्या मधल्या पट्ट्यासारख्या ठिकाणी. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, गाडी लेनमध्ये असते आणि माणूस नसतो. तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणी, तंबाखू, सगळं दहा मिनिटांपुरतं. या रोडवरचे जाणते लोक क्लीनरला एकच सांगून ठेवतात, मला मधूनमधून विचार, मागं काय गेलं. पुढं काय येणार हे झोपेतला माणूसही बरोबर सांगतो, ते पाठ असतं. मागं काय गेलं ते सांगता आलं नाही, म्हणजे सोनगीर आठवतंय, तापीचा पूल समोर दिसतोय आणि मधलं नरडाणा गेल्याचं आठवतच नाही, तर तेवढे किलोमीटर गाडी कुणी चालवलेली नाही.

तेव्हा चर्चा नाही. पुढच्या मोकळ्या अंगणात गाडी घ्यायची, रस्त्याच्या कडेला नाही. कडेला उभ्या गाडीच्या मागं दुसरा झोपलेला येऊन आदळतो. हँडब्रेक, पार्किंग लाइट, चाकाला गुटका. वीस मिनिटांचा गजर. उठल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही. खाली उतरायचं, टामी घेऊन सगळ्या टायरांवरून एक फेरी, रस्सा ओढून पाहायचा, तोवर डोकं जागेवर येतं.

एवढ्यात फोन वाजतोच.

"कुठं पोचला?"

"नरडाणा टाकलं. पुलाच्या अलीकडं उभा आहे."